सावली पाहिजे, मजुरीसकट



ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, असं सांगणारा माणूस नेहमी सावलीत बसलेला असतो.

नवतपा लागला की कौंडण्यपुरात येऊन पाहा. वर्धेच्या वाळूचा तवा झालेला. घाटाच्या दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडतात. गाव पुराणातलं, रुक्मिणीचं माहेर. ज्येष्ठात इथून पंढरपूरला पालखी निघते, १५९४ पासूनची असं सांगतात. पालखीच्या वाटेवर चौकाचौकात मंडप पडतात, माठ भरले जातात, पन्हं वाटलं जातं. चांगली गोष्ट आहे. तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्याशी आपलं भांडण नाही. आपला सवाल वेगळा आहे. अशाच रस्त्यांवर, याच उन्हात, डोक्यावर गिट्टीचं घमेलं घेऊन जी बाई खड्डे बुजवते तिचा मंडप कुठाय? डांबराच्या भट्टीजवळ उभा राहून जो पोरगा झारीनं डांबर ओततो त्याचा माठ कुठाय?

यात्रेकरूला ऊन लागतं. मजुराला सवय असते.

"या लोकायले सवय असते ना." हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. ठेकेदाराच्या तोंडून ऐकलं, इंजिनिअरच्या तोंडून ऐकलं, पारावर पान खात बसलेल्या पाटलाच्या तोंडून ऐकलं. ऐकायला साधं वाटतं. पण नीट उलगडून पाहा. या वाक्याच्या पोटात मनुस्मृती बसलेली आहे. काही माणसांचं कातडं वेगळं, रक्त वेगळं, त्यांचा जन्मच राबायला, म्हणून त्यांना ऊन लागत नाही, तहान लागत नाही, थकवा येत नाही, असं हे वाक्य सांगतं. जात आता शास्त्राचे कपडे घालून आली एवढंच.

तर मग शास्त्रच सांगतो, ऐका.

माणसाच्या अंगातली उष्णता ३७ अंश. देशमुखाची ३७, बामणाची ३७, बौद्धाची ३७, मातंगाची ३७, पारध्याची ३७. दुसरा आकडा अजून कोणत्याही डॉक्टराला सापडलेला नाही. काम करताना स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात. हवा अंगापेक्षा गार असली तर ती बाहेर निघून जाते. हवा ४३, ४५ वर गेली की काम उलटं होतं, हवाच अंगाला तापवू लागते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळला की अंग निवतं. कष्टाच्या कामात तासाला लीटरभर घाम सहज जातो. तेवढं पाणी परत पोटात गेलं नाही तर घाम आटतो, रक्त दाटतं, काळीज जोरजोरात धावतं, मूत्रपिंडावर ताण येतो. अंगातली उष्णता ४० च्या पुढे सरकली की डोकं ठिकाणावर राहत नाही. माणूस बरळतो, अडखळतो, भलतंच बोलतो. आणि नेमकं त्याच वेळी मुकादम म्हणतो, "पिऊन आला साला."

हा उष्माघात असतो. त्या माणसाला तिथल्या तिथे सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, काखेत-जांघेत ओले फडके ठेवायचे, १०८ ला फोन लावायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. एवढी गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. मिनिटा-मिनिटाचा हिशेब असतो तो.

सवय म्हणतात ती सुद्धा शास्त्रात आहे. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले काही दिवस काम कमी द्यायचं, हळूहळू वाढवायचं, असा नियम. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून पूर्ण खड्डा मोजून घेतात. आणि सवय झाली तरी घामाला पाणी लागतंच. सवयीनं कोणाचं रक्त पाण्यावाचून पातळ राहत नाही.

आता पाऱ्याची गोष्ट. पेपरात छापून येतं, अकोला ४५. हा आकडा कुठचा? वेधशाळेचं थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत ठेवलेलं असतं. पेटीला झडपा असतात, वारा खेळता राहतो, ऊन थेट लागत नाही. म्हणजे बघा, सरकारचा पाराही सावलीत बसून ४५ सांगतो! मजूर त्या पेटीच्या बाहेर उभा आहे. त्याच्या डोक्यावर सूर्य, पायाखाली तापलेली गिट्टी, बाजूला डांबराची वाफ. त्याचं तापमान कोणत्या रजिस्टरात लिहिलं जातं?

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मे पर्यंत कलम १४४ लावलं. दंगलीत लावतात तेच कलम, आता नव्या संहितेत ते १६३ झालं आहे. आदेशात म्हटलं, आस्थापनांनी कामगारांना पिण्याचं पाणी द्यावं, पंखे द्यावेत, खाजगी शिकवण्यांनी भर उन्हातले वर्ग टाळावेत. आदेश काढला हे बरंच केलं. उन्हानं माणूस मरतो, हे सरकारी कागदावर आलं. पण वावरात धसकटं वेचणाऱ्या बाईचा पंखा कोणत्या खांबाला टांगायचा? वीटभट्टीवर विटा थापणाऱ्या कुटुंबाचं आस्थापन कोणतं? उघड्यावर राबणाऱ्याला पाहिजे असते थांबायची मुभा, आणि थांबल्यावर मजुरी न कापण्याची हमी.

इथंच सगळी मेख आहे. दर उन्हाळ्यात सूचना निघतात. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या. डोक्याला रुमाल बांधा. सूचना खोटी नाही. पण ती ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याच्यासाठी लिहिलेली आहे. आपल्या माणसाचं काम मोजमापावर. ब्रासवर, हजार विटांवर, खड्ड्याच्या घनमीटरवर. तो बसला की पैसे बसले. "घरी राहा" म्हणणं म्हणजे त्याला "उपाशी राहा" म्हणणं. एखाद्या बाईला सांगून पाहा, मावशे, बारा वाजले, सावलीत बस. ती म्हणेल, "बसतो बाप्पा, पण हप्त्याले काय भेटन? तू देशीन काय?" तिच्या या सवालाला आरोग्य खात्याच्या पत्रकात उत्तर नाही. बिनमजुरीचा विसावा ही आपल्या लोकांसाठी सवलत नाही, ती दंडाची दुसरी तऱ्हा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट बोला. नुसती सावली नको. सावली पाहिजे, मजुरीसकट.

ही मागणी आपण आज आभाळातून आणलेली नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे या जोतीरावांच्या सत्यशोधक साथीदारानं गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सरकारला अर्ज धाडला. साडेपाच हजार कामगारांच्या त्यावर सह्या. अर्जात काय मागितलं? रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई, आणि दुपारची अर्धा तास विश्रांती. दुपारची अर्धा तास! १० जून १८९० ला गिरण्यांत रविवारची सुट्टी आली. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४६ ला, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलं गेलं की पाच तासांच्या वर सलग काम घ्यायचं नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी पाजायचं.

म्हणजे ज्याच्या डोक्यावर कारखान्याचं छप्पर, त्याला कायद्याची सावली मिळाली. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही, त्याला कायदाही नाही. आणि छपराबाहेर कोण उरलं? २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या दर शंभर कामकऱ्यांत चाळीसहून जास्त शेतमजूर होते. कोण उन्हात आणि कोण आत, हे उन्हानं ठरवलेलं नाही. जमीन कोणाच्या नावावर होती, शाळा कोणाला मिळाली, यानं ठरवलं. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षिततेच्या संहितेत साधारणपणे दहा कामगारांची अट आहे. वावरात सहा बाया असतात. सहा जणींचा घाम दहाच्या खाली येतो म्हणून कायदा तिकडे फिरकत नाही.

रोजगार हमीचं काय? महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात ही योजना मोठी केली, १९७७ ला कायदा केला. पुढे २००५ ला देशाचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत कामाच्या जागेवर पिण्याचं पाणी, लेकरांसाठी आणि विसाव्यासाठी सावली, प्रथमोपचाराची पेटी, हे सगळं लिहिलं होतं. लिहिलं होतं! पण सावलीचं खातं रिकामं आणि पेटीला कुलूप. त्यात १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलच्या ॲपवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोन फोटो, दोन्हींमध्ये तासांचं अंतर. पहाटेच्या थंडाव्यात काम उरकून घरी जाणारी बाई दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबू लागली. चोरी पकडायला यंत्र आणलं आणि शिक्षा झाली ती मजुराला. डिसेंबर २०२५ ला संसदेनं या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. कायद्याचं नाव बदललं. उन्हाचं तेच आहे.

आता पाणी आणि सावली या दोन शब्दांवर थांबा. हे शब्द आपल्याला नवे नाहीत. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते पाण्यासाठीच काय? माणूस म्हणून घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या दारासाठी परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. आज कोणी म्हणेल, झालं ते जुनं. झालं? दुपारी बारा वाजता गावात सावली कुठं असते ते मोजा. देवळाचा मंडप, पाराचा पिंपळ, पाटलाच्या वाड्याची ओसरी, ग्रामपंचायतीचा व्हरांडा. यातल्या कोणत्या सावलीत आपली बाई घाम पुसत, पाय लांब करून, न विचारता बसू शकते? वावरात मालकाच्या घरचं मडकं वेगळं आणि मजुरांची कॅन वेगळी अजून दिसते की नाही? डोळे मिटून नाही म्हणू नका. गावात सावलीलाही सातबारा आहे.

बाईचं अजून एक दुखणं आहे, ते सभेत कोणी बोलत नाही. ती मुद्दाम पाणी कमी पिते. कारण उघड्या रस्त्याच्या कामावर लघवीला आडोसा नसतो. पाणी प्या, असं तिला शंभर वेळा सांगा, ती पिणार नाही. म्हणून आडोसा हाही उन्हापासूनच्या संरक्षणातच मोडतो. मागणीत तो पहिल्या पानावर पाहिजे.

आणि मेलेल्यांचं काय? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या उन्हात बसवले आणि उष्माघातानं १४ माणसं गेली. देश हळहळला. मग मंत्र्यांनी जाहीर केलं, उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच मोकळ्या मैदानावर कार्यक्रम नकोत. बरोबर आहे. पण मग विचारा, बारा ते पाच मैदानात बसणं धोक्याचं, तर बारा ते पाच मैदान खोदणं कसं चालतं? मजूर एकटा-एकटा मरतो. झाडाखाली मरतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मरतो, घरी खाटेवर रात्री मरतो. कागदावर लिहितात, हृदयक्रिया बंद. प्रत्येक मेलेल्याची हृदयक्रिया बंदच असते, ती कशानं पडली ते लिहा ना! आपत्तींच्या सरकारी यादीत, ज्यातून मदतीचा पैसा निघतो, २०२१ च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अहवालापर्यंत १२ नावं होती. त्यात थंडीची लाट होती. उन्हाची लाट नव्हती.

"हे सगळं होणार कसं?" असं विचारणारे भेटतील. त्यांना सांगा, झालेलं आहे. शेजारच्या आंध्रात, राज्याची वाटणी व्हायच्या अगोदर, रोजगार हमीत उन्हाळी भत्ता दिला गेला. फेब्रुवारीत २० टक्के, मार्चमध्ये २५, एप्रिल-मे ला ३०, जूनमध्ये २० टक्के. कमी खोदलं तरी पूर्ण मजुरी. केरळात कामगार खातं उन्हाळ्यात आदेश काढतं, बारा ते तीन उन्हातलं काम बंद, वेळा सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. कतारमध्ये राजेशाही आहे, तिथं परदेशी मजूर उन्हात मेले, जगभर ओरड झाली, आणि २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम घेणं बंद. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांनी, बहुतेक मेक्सिकन, आपली मेलेली माणसं दाखवून २००५ ला पाणी-सावली-विसाव्याचा नियम मिळवला. निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्या जवान पोरांची मूत्रपिंडं निकामी झाली. टनावर मजुरी, म्हणून पोरं थांबत नव्हती. संशोधकांनी उन्हातल्या अतिकष्टाकडे बोट दाखवलं आणि तिथंही तीच मागणी उभी राहिली: पाणी, विसावा, सावली. ऊन सगळीकडचं वेगळं, घाम एकच.

दुसरा सवाल येईल, आणि तो खोटा नाही. वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी स्वतःच फास घेतो आहे, तो मजुराला बसल्याची मजुरी कुठून देईल? माझं म्हणणं, सुरुवात त्याच्यापासून करूच नका. मे महिन्यात उन्हातलं मोठं काम कोणाचं असतं? रस्त्याचं, पुलाचं, पाइपलाइनचं, तलावाच्या गाळाचं, इमारतीचं. त्यातलं बरंचसं सरकारी पैशाचं. तिथं ठेकेदाराच्या करारात एक कलम घाला. सिमेंट किती टाकायचं ते करारात असतं, तर मजूर किती वेळ सावलीत बसेल हेही असू द्या. शेतकऱ्याशी फक्त वेळेचं बोला. सकाळी सहा ते बारा, चार ते सहा. बेरीज करा, आठ तासच भरतात. जिला चूल, लेकरं आणि दूरचा रस्ता यामुळे परत येणं जमत नाही, तिला सरकारी कामावर सहा तासांचाच दिवस आणि पूर्ण मजुरी.

तिसरा सवाल आपल्याच घरातला. आपल्यातले काही शिकले, साहेब झाले. त्यांच्या खिडकीलाही आता कूलर आहे, वाळ्याचा वास येतो. येऊ द्या, तो हक्काचा आहे. पण कूलरच्या गारव्यात बसून "गावाकडच्या लोकांना सवय असते" असं आपलाच माणूस म्हणू लागला, तर समजा, बामण मेला नाही, त्यानं घर बदललं. १४ एप्रिलला आपण चौकात पाणपोई लावतो, सरबत वाटतो. १५ एप्रिलला ते माठ कुठं जातात? रस्त्याच्या कामावर न्या.

तर मागण्या अशा. पारा ४० च्या वर असेल त्या दिवशी बारा ते चार उन्हातलं काम बंद, मजुरी पूर्ण. मोजमापाच्या कामाला उन्हाळी सूट. बाकी वेळेत तासाला दहा मिनिटं सावलीत विसावा. गार पाणी, सगळ्यांना एकच भांडं. कापडाची का होईना पण हक्काची सावली, आणि बायांना आडोसा. ही व्यवस्था नसेल तर ठेकेदाराच्या बिलातून कपात. कामावर माणूस दगावला तर त्या दिवसाचं तापमान पंचनाम्यात, शवविच्छेदन आणि घरच्यांना भरपाई.

आणि करायचं काय? दोन-तीनशे रुपयांचं थर्मामीटर घ्या. वही घ्या. कामाच्या जागी जा आणि रोज लिहा: पारा किती, पाणी कुठून आलं, सावली होती का, काम किती वाजता थांबलं, कोणाला भोवळ आली. बायांना विचारून लिहा, मुकादमाला विचारून नको. महिनाभराची ती वही म्हणजे आपला पुरावा. १ मे ला गावोगाव ग्रामसभा असते, आणि तो कामगारांचाही दिवस. त्या सभेत ही वही वाचा. ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत मागा, तहसीलदाराकडे द्या, पोच घ्या. कौंडण्यपुरात करा, तिवशात करा, मोझरीत करा, वर्धेच्या पलीकडच्या काठावरही करा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा सावलीसाठी काय भांडता? त्याला हात धरून बाहेर आणा. दुपारचे दोन वाजू द्या. गिट्टीच्या ढिगाजवळ उभं करा, हातात घमेलं द्या, आणि अर्ध्या तासानं परत विचारा.